ढीगभर सप्लिमेंट पुस्तकं आणि एकच प्रश्न: यातलं घ्यायचं नक्की काय?

कोणी नवीन माणूस फँटसी रोलप्लेइंग गेमकडे वळला की पहिल्या आठवड्यातच त्याचा मेसेज येतो, "अगं हे खेळायला एवढी सगळी पुस्तकं घ्यावी लागतात का?" आणि सोबत एक स्क्रीनशॉट, ज्यात पन्नासेक जाडजूड कव्हरं दिसतायत, प्रत्येकावर ड्रॅगन नाहीतर हातात आग धरलेला कोणीतरी. २०२४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे मुख्य नियम नव्याने छापायला सुरुवात झाली तेव्हापासून या प्रश्नाला अजून एक शेपूट लागलंय, "आणि माझ्याकडे जुनी आहेत ती आता रद्दीत का?"

दोन्हींचं उत्तर एका ओळीत देता येतं, पण एका ओळीत दिलं की कोणी विश्वास ठेवत नाही असा अनुभव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गेम काय आहे ते पटकन

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, जो जग चालवतो: दरवाज्यामागे काय आहे, राजा खोटं बोलतोय का, राक्षस किती चिडलाय, हे सगळं त्याच्याकडे. बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर चालवतात. डीएम सांगतो समोर काय दिसतंय, खेळाडू सांगतात आम्ही काय करतो, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. झालं. बोर्ड नसला तरी चालतं, जिंकणं-हरणं ठरलेलं नसतं, गोष्ट पुढे सरकत राहते.

कधी फासा टाकायचा, किती आला म्हणजे जमलं, तलवार लागली तर किती लागली, हे सगळं मुख्य पुस्तकांत असतं, त्यांना कोअर बुक म्हणतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे थोडक्यात डी अँड डीमध्ये, ती तीन आहेत. खेळाडूंसाठी प्लेयर्स हँडबुक, डीएमसाठी डन्जन मास्टर्स गाइड, आणि राक्षसांचं मॉन्स्टर मॅन्युअल. या तीन पुस्तकांत गेम पूर्ण होतो. परत लिहिते, पूर्ण होतो. त्यातही मूलभूत नियमांचा एक भाग गेम काढणाऱ्या कंपनीनेच, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, फुकट ठेवलाय, तेवढ्यावरसुद्धा महिनोन्‌महिने खेळणारे लोक आहेत.

मग उरलेली सत्तेचाळीस कव्हरं कसली? तीच सप्लिमेंट.

पुरवणी, पण कुठली पुरवणी?

सप्लिमेंटला मराठीत पुरवणी म्हणतात आणि गंमत म्हणजे हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक पेपरची पुरवणी, जी मूळ पेपर न उघडताही वाचता येते, लोळत वाचली, बाजूला टाकली. दुसरी परीक्षेतली पुरवणी, ती मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधली तरच तिला अर्थ, सुटी राहिली तर तो नुसता लिहिलेला कागद, कारण नंबर उत्तरपत्रिकेवर आहे.

गेमची सप्लिमेंट पुस्तकं ही परीक्षेतली पुरवणी. "या क्लासला तिसऱ्या लेव्हलला हे मिळतं" असं त्यात लिहिलेलं असतं पण तो क्लास (कॅरेक्टरचा पेशा, योद्धा, चोर वगैरे) म्हणजे नक्की काय, लेव्हल (अनुभवाची पायरी) म्हणजे काय, हे कोअर बुकात. म्हणून कोणी नवीन माणसाला हौसेने एखादं सुंदर सप्लिमेंट भेट दिलं की तो बिचारा चित्रं बघतो आणि ठेवून देतो.

पण सगळी अशी नसतात हेही खरं. काही पुस्तकं एक अख्खं जग देतात, नकाशे, शहरं, देव, कोणाचं कोणाशी वैर, याला सेटिंग म्हणतात, आणि ते पेपरच्या पुरवणीसारखं नुसतं वाचायलाही छान वाटतं. काही तयार साहसं असतात, म्हणजे डीएमला गोष्ट सुचत नसेल तर आयती. काहींत फक्त राक्षस. काहींत खेळाडूंसाठी नवीन क्लास, नवीन स्पेल म्हणजे जादूचे मंत्र, नवीन जमाती. खेळणारे लोक या सगळ्याचे ढोबळ दोन भाग करतात, आकडे आणि नियम असले तर क्रंच, वर्णन आणि वातावरण असलं तर फ्लफ. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. अजून एक शब्द कानावर पडेल, स्प्लॅटबुक, म्हणजे एकाच प्रकारच्या कॅरेक्टरसाठी काढलेलं पुस्तक, फक्त योद्ध्यांचं, फक्त चोरांचं वगैरे. हा शब्द आला फुलीच्या चिन्हावरून, ते चांदणीसारखं चिन्ह असतं ना, इंग्रजीत कॉम्प्युटरवाले त्याला गमतीने स्प्लॅट म्हणायचे, आणि एका गेमची 'अमुकबुक', 'तमुकबुक' अशी मालिका होती, तर 'अमुक'च्या जागी ती चांदणी टाकून लोक लिहायला लागले. एवढीच त्या शब्दाची थोरवी.

हे आत्ताचं खूळ नाहीये

"पूर्वी बरं होतं, एक डबा घेतला की झालं" असं म्हणणारे भेटतात. पूर्वी म्हणजे कधी ते सांगत नाहीत.

डी अँड डी १९७४ ला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, गायगॅक्सच्या टीएसआर नावाच्या छोट्या कंपनीने अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून काढला, डब्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. पुढच्याच वर्षी, १९७५ ला, पहिलं सप्लिमेंट हजर, ग्रेहॉक. त्याच वर्षी दुसरं, ब्लॅकमूर. १९७६ ला तिसरं आणि चौथं. म्हणजे गेमला दोन-अडीच वर्षं होतायत तोवर मूळ डब्यात पुस्तिका तीन आणि सप्लिमेंट चार. नाकापेक्षा मोती जड हा प्रकार पहिल्या दिवसापासूनच आहे.

आणि ग्रेहॉकमध्ये काय होतं बघा. चोर हा क्लास. आज ज्याला 'रोग' (इंग्रजी rogue, आजारपण नव्हे) म्हणतात, जो जवळपास प्रत्येक पार्टीत, म्हणजे कॅरेक्टरांच्या टोळीत, एक असतोच, तो मूळ गेममध्ये नव्हता, तो सप्लिमेंटमधून आला. पॅलडिन, म्हणजे धर्मवीर योद्धा, तोही तिथूनच. मूळ नियमांत सुरी लागली काय आणि मोठी तलवार लागली काय, इजा मोजायला सहा बाजूंचा एकच फासा, प्रत्येक शस्त्राला वेगळा फासा ही आयडिया ग्रेहॉकची. आज हे कोणाला सांगितलं तर वाटतं फेकतेय, कारण इतकं ते गेमच्या हाडामासात मिसळलंय.

ब्लॅकमूरचं उलटं. त्यात माँक (नुसत्या हातांनी लढणारा साधू) आणि असॅसिन (मारेकरी) हे क्लास होते, एक तयार साहसही होतं, छापून आलेलं पहिलं म्हणून ते ओळखलं जातं. त्याच पुस्तकात वार शरीराच्या कुठल्या भागाला लागला हे ठरवायची पद्धत होती, डोक्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, वेगळे, हातापायाचे वेगळे. कागदावर मस्त वाटतं, टेबलावर एका लढाईत जीव जातो, खेळाडूंचाच. ती पद्धत पुढे टिकली नाही. माँक टिकला.

एकाच पुस्तकातल्या दोन गोष्टी, एक राहिली आणि एक गेली, आणि हा निकाल कंपनीने ऑफिसात बसून लावला नाही, हजारो टेबलांवर लोकांनी वापरून बघितलं आणि जे जमलं ते ठेवलं, पुढच्या आवृत्तीत तेच कोअरमध्ये गेलं. माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच आहे. सप्लिमेंट हा प्रस्ताव असतो, मंजुरी टेबलावर मिळते.

"पण छापून आलंय म्हणजे नियमच ना?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, आणि येतो तो साहजिक आहे. क्रिकेटमध्ये नियम बदलला की सगळ्यांसाठी बदलला. फोनला अपडेट आलं की आलं, तुम्हाला नको असलं तरी आज नाही तर उद्या बसणारच. त्यामुळे नवीन पुस्तक आलं म्हणजे गेम अपडेट झाला असं डोक्यात बसतं.

सप्लिमेंट हे अपडेट नाहीये, ते ॲप आहे. स्टोअरमध्ये पडलेलं, तुम्ही इन्स्टॉल केलं तर तुमच्या फोनवर, नाही केलं तर तुमचं काही अडत नाही. आणि हे मी माझ्या मनाने म्हणत नाहीये, कंपनी स्वतः लिहून देते. २०१७ ला आलेल्या झॅनाथर्स गाइड या सप्लिमेंटच्या सुरुवातीलाच स्पष्ट म्हटलंय की या पुस्तकातलं सगळं ऐच्छिक आहे, यातलं काय घ्यायचं ते प्रत्येक ग्रुपने डीएमसोबत ठरवायचं. प्रस्तावना कोणी वाचत नाही हा भाग वेगळा.

अधिकृत खेळांत तर उलट मर्यादाच घालायचे. ॲडव्हेंचरर्स लीग म्हणून जो संघटित खेळ चालतो, जिथे अनोळखी लोक एका टेबलावर बसतात, तिथे बरीच वर्षं नियम होता की तुमचं कॅरेक्टर प्लेयर्स हँडबुक अधिक फक्त एक पुस्तक यातूनच बनवायचं. म्हणजे जी कंपनी पुस्तकं विकते तिच्याच नावाने चालणाऱ्या खेळात सांगायचे की बाबा एकच आण. नंतर तो नियम काढला, पण तो मुळात का होता, हे खालच्या पॉवर क्रीपच्या भागात कळेल.

मग इतकी काढतात कशाला?

धंद्याचं गणित आहे आणि ते गणित जरा विचित्र आहे. साधा बोर्ड गेम घ्या, एक डबा विकला, एक घर खूश, त्या घराला दुसरा डबा विकता येत नाही. इथे तर त्याहून वाईट, पाच जणांच्या टेबलावर कोअर पुस्तकांचा एकच संच असला तरी भागतं, आणि तो बहुतेक वेळा डीएमने घेतलेला असतो, आणि एकदा घेतला की पुढची दहा वर्षं पुरतो. म्हणजे ज्याला गेम सगळ्यात जास्त आवडतो त्यालाच कंपनीकडे विकायला काही नाही. सप्लिमेंट हा त्यावरचा उपाय.

त्यातही डीएमला लागणारी पुस्तकं एका टेबलामागे एकालाच लागतात, खेळाडूंना हवीशी वाटणारी चौघांना. म्हणून साहस आणि नकाशांच्या पुस्तकातसुद्धा मध्येच दोन-चार पानं खेळाडूंसाठी नवीन पर्यायांची घुसडलेली दिसतात. आता पुस्तक चाळलं की लगेच ओळखाल.

हे गणित अंगावरही येतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या दशकापर्यंत टीएसआरने एकामागून एक सेटिंग काढली, वाळवंटातलं उद्ध्वस्त जग, अंतराळात उडणारी जहाजं, भुताटकीचं जग, अरबी कथांसारखं, वेगवेगळ्या मितींमधलं, आणि प्रत्येकाची स्वतःची सप्लिमेंट, डबे, नकाशे. कलाकुसर अप्रतिम होती, अजूनही लोक जपून ठेवतात. पण झालं काय की एका घरात प्रत्येकाने वेगळी चूल मांडली. वाळवंटवाला माणूस अंतराळाचं पुस्तक घेईना, भुताटकीवाला वाळवंटाचं घेईना, छपाईचा खर्च प्रत्येकाचा पूर्ण आणि गिऱ्हाईक तुकड्यात. कंपनी बुडाली ती काही एवढ्या एकाच कारणाने नाही, पुस्तकांच्या दुकानांतून परत आलेला न विकलेला माल, कर्ज असं बरंच होतं, पण हेही एक मोठं कारण धरलं जातं. १९९७ ला विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि १९९९ ला विझर्ड्सला हॅस्ब्रोने.

पॉवर क्रीप, म्हणजे प्रत्येक नवीन पुस्तकाबरोबर जुनं फिकं पडणं

कल्पना करा तुम्ही गेम लिहिता. जुन्या पुस्तकात एक स्पेल आहे, आगीचा गोळा. नवीन पुस्तकात तुम्ही अजून एक लिहिलात. तो जुन्यापेक्षा कमजोर असेल तर कोणी घेणार नाही, अगदी बरोबरीचा असेल तर 'आहे की आपल्याकडे' म्हणतील, म्हणून तो थोssडासा चांगला होतो. पुढच्या पुस्तकात त्याच्याहून थोडासा. कोणी मुद्दाम करत नाही, पण पाच वर्षांनी मागे वळून बघितलं तर पहिल्या पुस्तकातला योद्धा नवीन पुस्तकातल्या समोर म्हातारा वाटायला लागतो. याला पॉवर क्रीप म्हणतात.

पण खरी भानगड एकेका वस्तूच्या ताकदीत नसते, ती जोड्यांमध्ये असते, आणि हे आकड्यांत बघितलं की लख्ख कळतं. समजा गेममध्ये २० पर्याय आहेत आणि कोणतेही दोन एकत्र वापरता येतात. जोड्या होतात १९०. लेखकाने महिनाभर बसून १९० जोड्या तपासल्या, ठीक. आता सप्लिमेंट येऊन पर्याय ४० झाले, जोड्या ७८०. पर्याय ८० झाले, जोड्या ३१६०. पर्याय चौपट आणि तपासायचं काम सोळापटीहून जास्त. त्यात तिसऱ्या पुस्तकाच्या लेखकाने सातव्या पुस्तकाचा लेखक काय लिहिणार हे तेव्हा पाहिलेलं नसतं, कारण ते लिहिलंच गेलेलं नव्हतं. मग कुठेतरी दोन निरुपद्रवी गोष्टी एकमेकींना भेटतात आणि स्फोट होतो.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पनपन. तिसऱ्या आवृत्तीचा साडेतीन नावाचा सुधारित अवतार होता, २००३ चा, त्यात सप्लिमेंटचा पूर आलेला. २००४ च्या एका पुस्तकात सापांच्या वंशातले प्राचीन जीव होते, त्यांना एक क्षमता दिलेली की खवलेवाल्या जिवांना ते हवा तसा आकार आणि हवी ती वैशिष्ट्यं देऊ शकतात. लिहिताना हेतू साधा, या प्राण्यांनी पूर्वी इतर जमाती घडवल्या अशी फ्लफमधली गोष्ट होती, तिला क्रंचमध्ये जागा दिली. पण दुसऱ्या पुस्तकांतले रूप बदलायचे नियम जोडून कोणीतरी दाखवून दिलं की एक य:कश्चित कोबोल्ड, म्हणजे गेममधला सगळ्यात चिल्लर राक्षस, ही क्षमता मिळवून स्वतःला वाट्टेल तेवढं ताकदवान करू शकतो, अक्षरशः अमर्याद. त्या कोबोल्डचं नाव पनपन. तो कोणी खेळायला म्हणून बनवला नव्हता, कागदावर सिद्ध करून दाखवायला बनवला होता, गणितात उलट उदाहरण देऊन प्रमेय पाडतात ना तसं.

माझी स्वतःची फजिती याच जातीची पण फारच छोटी. मी नवीन नवीन डीएम झाले होते आणि उत्साहात ग्रुपला सांगितलं की काहीही आणा, सगळं चालेल. एकाने चार पुस्तकांतून वेचून कॅरेक्टर आणलं, नियमात बसणारं, काही चोरी नाही. तिसऱ्या सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, त्याने ज्या राक्षसासाठी मी दोन रात्री जागले होते तो पहिल्याच फेरीत आडवा केला. त्याला आनंद झाला हे मान्य, पण बाकी तिघं फासे हातात घेऊन बसले होते आणि त्यांची पाळी आलीच नाही. मी पुढच्या वेळी राक्षस दुप्पट तगडे केले, तर ते बाकी तिघांना एका फटक्यात लोळवायला लागले. दोन महिन्यांत कॅम्पेन, म्हणजे ती सलग चाललेली गोष्ट, बंद. दोष त्याचा नव्हता, पुस्तकांचाही नव्हता, दरवाजा सताड उघडा टाकून मीच झोपले होते.

नंतर कंपनीलाही हे समजलं असावं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्लेयर्स हँडबुकमध्ये बारा क्लास होते, आणि पुढच्या दहा वर्षांत कंपनीने सप्लिमेंटमधून पूर्ण नवीन क्लास फक्त एक आणला, आर्टिफिसर, २०१९ ला. क्लासच्या बाबतीत बाकी भर आहे त्या क्लासच्या उपशाखांची. उपशाखेचा फायदा असा की एका कॅरेक्टरला एका क्लासची एकच उपशाखा घेता येते, त्यामुळे पर्याय वाढले तरी जोड्यांचा स्फोट त्या मानाने आटोक्यात राहतो. कंटाळवाणा निर्णय, पण शहाणपणाचा. काही लोक अजूनही कुरकुरतात की साडेतीनमध्ये काय वैविध्य होतं म्हणून. होतं. पनपनही होता.

जाता जाता, देवांचं. १९७६ चं चौथं सप्लिमेंट देवदेवतांचं होतं, आणि त्याच्या प्रस्तावनेतच असा सूर होता की चाळीस-चाळीस लेव्हलची कॅरेक्टर मिरवणाऱ्यांना हे बघून तरी आपला आचरटपणा कळेल, साक्षात ओडिनला तीनशे हिट पॉइंट असतील तर तुमचा चव्वेचाळीसाव्या लेव्हलचा सरदार कोण गंभीरपणे घेणार. हेतू उदात्त. पण खेळाडूला आकडा दाखवला की तो शून्यावर आणता येतो एवढंच त्याला दिसतं.

दुसऱ्याच्या गेमची पुस्तकं तिसराच कसा छापतो?

कितीतरी सप्लिमेंटवर विझर्ड्सचं नाव नसतं, त्यामुळे नवीन माणसाला ती पायरेटेड वाटतात. नसतात.

अमेरिकन कायद्यात खेळाचे नियम, म्हणजे 'वीस बाजूंचा फासा टाका आणि आकडा मिळवा' ही पद्धत, कॉपीराइटमध्ये येत नाही. ते नियम ज्या शब्दांत लिहिले ते शब्द, चित्रं, नावं, गोष्टी हे येतं. व्याकरण कोणाच्या मालकीचं नसतं, व्याकरणाचं पुस्तक असतं, तसं. पण ही रेघ प्रत्यक्षात पुसट आहे आणि कोर्टात जाऊन ती शोधायची कोणाला हौस नसते. म्हणून २००० साली विझर्ड्सने स्वतःच एक मोकळा परवाना दिला, ओपन गेम लायसन्स, लोक ओजीएल म्हणतात. सोबत नियमांचा एक गठ्ठा दिला आणि म्हटलं, एवढं घ्या, यावर बांधा, विका. बीहोल्डरसारखे काही खास राक्षस मात्र त्या गठ्ठ्यात दिले नाहीत, ते घरचेच.

दानशूरपणा वगैरे नव्हता. त्या लोकांचा हिशोब असा की बाहेरच्यांनी छोटी छोटी सप्लिमेंट काढली की ती वापरायला लोकांना आमचं कोअर पुस्तक घ्यावंच लागेल, पुरवणी त्यांनी लिहायची आणि उत्तरपत्रिका आम्ही विकायची. चाललंही. इतकं चाललं की २००८ ला चौथी आवृत्ती आली, तिचा परवाना कडक होता, तेव्हा पायझो नावाच्या कंपनीने जुन्या मोकळ्या नियमांवरच २००९ ला पाथफाइंडर हा अख्खा वेगळा गेम उभा केला, आणि तो तगडा स्पर्धक झाला.

मग जानेवारी २०२३. नवीन परवान्याचा मसुदा बाहेर फुटला, त्यात जुना परवाना रद्द धरण्याची आणि मोठ्या प्रकाशकांकडून कमाईचा हिस्सा घेण्याची भाषा होती. जे लोक वीस वर्षं या परवान्यावर पोट भरत होते त्यांची झोप उडाली, खेळणाऱ्यांनी कंपनीच्या डी अँड डी बियाँड या वेबसाइटची सबस्क्रिप्शन धडाधड रद्द केली, आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली, जुना परवाना तसाच ठेवला आणि वर पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गठ्ठा क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली टाकला, जो परत घेता येत नाही. म्हणजे भांडणाआधी जेवढं मोकळं होतं त्याहून जास्त मोकळं झालं. तुमच्या दृष्टीने अर्थ एवढाच की बाहेरच्या प्रकाशकांचं सप्लिमेंट बिनधास्त घ्या, कायदेशीर आहे. फक्त 'कायदेशीर' आणि 'तपासलेलं' हे दोन वेगळे शब्द आहेत. बाहेरची काही पुस्तकं कंपनीच्या पुस्तकांपेक्षा सरस असतात, विशेषतः राक्षसांची, आणि काही बघून वाटतं की लिहिणाऱ्याने एकदा तरी खेळून बघायला हवं होतं.

२०१६ पासून डीएम्स गिल्ड नावाचा बाजारही आहे, तिथे तुम्ही आम्ही कोणीही कंपनीची जगं वापरून सप्लिमेंट विकू शकतो, मिळकतीतला अर्धा वाटा लिहिणाऱ्याला. एकेका पानापासून पाचशे पानांपर्यंत सगळं मिळतं तिथे.

बरं, २०२४ नंतर जुनी पुस्तकं बाद का?

नाही.

नवीन प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ ला आलं, डीएमचं पुस्तक नोव्हेंबरला, राक्षसांचं फेब्रुवारी २०२५ ला. कंपनीने तेव्हा नवी आवृत्ती म्हणून आकडा वाढवला नाही, पाचवीच म्हटलं, कारण दहा वर्षांची सप्लिमेंट चालू राहावीत. सांधे थोडे करकरतात. उदाहरणार्थ, आधी काही क्लासना उपशाखा पहिल्या लेव्हलला मिळायची, काहींना दुसऱ्या, आता सगळ्यांना तिसऱ्या, मग जुन्या पुस्तकातली उपशाखा वापरताना ती तिसऱ्यापासून धरायची. आधी ताकद, चपळाई वगैरेतली वाढ जमातीवरून मिळायची, आता कॅरेक्टर पूर्वी काय काम करायचं त्यावरून मिळते, मग जुन्या जमातीतली ती ओळ सोडून द्यायची. अशा चार-पाच गोष्टी आहेत, नवीन पुस्तकातच सांगितल्यायत, एका संध्याकाळचं काम.

डिजिटल वाल्यांनी मात्र जरा सावध राहावं. कागदाचं पुस्तक कपाटात राहतं, ॲपमधलं दुसऱ्याच्या कपाटात असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियाँडवर जाहीर झालं होतं की कॅरेक्टर शीटवरचे जुने स्पेल आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांनुसार बदलणार, लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या. ओरड झाली, काही दिवसांत निर्णय मागे. त्याच वर्षी आधी एक सोय काढून टाकली होती, पुस्तकातली एखादीच उपशाखा किंवा एखादाच राक्षस सुटा विकत घेण्याची. मग घ्यायचं तर अख्खं पुस्तक. ज्याला एकच पान हवं त्याच्यासाठी ती सोय सोन्यासारखी होती, माझा तरी त्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही.

मग मी काय घेऊ?

खेळाडू असाल तर प्लेयर्स हँडबुक, तेही ग्रुपमध्ये कोणाकडे नसेल तर. एक कॅम्पेन पूर्ण खेळा. मग स्वतःला विचारा की कुठे अडलं? "मला असं कॅरेक्टर खेळायचं होतं पण बारा क्लासमध्ये ते बसलं नाही" असं वाटलं असेल तर पर्यायांचं पुस्तक बघा. असं काही वाटलंच नसेल तर तुम्हाला पुस्तकाची गरज नाही, हौस आहे, आणि हौसेला माझी हरकत नाही, फक्त नाव बरोबर द्यावं.

डीएम असाल आणि वेळ कमी असेल तर तयार साहस घ्या, कारण बाकी पुस्तकं तुमचं काम वाढवतात आणि हे एकच कमी करतं. वेळ आहे पण कल्पना सुचत नाहीत तर सेटिंग किंवा राक्षसांचं. आणि कोणी खेळाडू नवीन पुस्तक घेऊन आला तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका, तो जो पर्याय वापरणार आहे ती पानं वाचायला मागा, पूर्ण पुस्तक नाही, तेवढीच पानं. आमच्याकडे आता असं ठरलंय की पहिल्या सेशनच्या आधी एकदा सगळे बसतो, कोणती पुस्तकं चालतील ते एका कागदावर लिहितो, आणि मधेच काही नवीन आणलं तर ते तीन सेशन ट्रायलवर, जड झालं तर बदलायचं, रुसायचं नाही. तो चार पुस्तकंवाला मित्र अजून आमच्यातच खेळतो. हल्ली तो डीएम आहे, आणि परवा त्याने माझंच कॅरेक्टर नाकारलं, "दोन पुस्तकांच्या वर नाही चालणार" म्हणे.